गोखल्यांचा गुहेतला पूर्वज

कोलकात्यातल्या आमच्या बालीगंजच्या इमारतीत वरच्या मजल्यावर गोखले राहतात. संदेश मिठाईचा तुकडा तोंडात टाकण्यापूर्वी ते पोटावर हात ठेवून जाहीर करतात, "हे मी खात नाहीये. तो खातोय."

तो म्हणजे गुहेत राहणारा त्यांचा पूर्वज. त्याला चार-चार दिवस शिकार मिळायची नाही, म्हणून मिळेल तेव्हा हाणायचं आणि चरबी साठवायची. ज्यांना साठवता आली ते जगले, आणि आपण सगळे त्यांचीच पिलावळ. गोखल्यांनी सारी नोकरी खिदिरपूरच्या गोदीत केली, त्यामुळे हे सारं ते गोदामाच्या भाषेत सांगतात. माल भरायचा हुकूम लाखो वर्षं जुना. पुढे दुष्काळ आलाच नाही, यात त्यांचा काय दोष?

जिना चढत नाहीत. पूर्वज विनाकारण चढत नसे म्हणे. मी एकदा विचारलं, पूर्वज मिष्टी दोई, हे इथलं गोड दही, खायचा का? मिळालं असतं तर सोडलं नसतं, असं उत्तर आलं. या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

गेल्या महिन्यात मात्र डॉक्टरांनी त्यांना बजावलं, हृदय थकलंय, वजन उतरवा. तरी खाणं चालूच आहे असं कळलं, तेव्हा मी तणतणतच वर गेलो. गोखले लुची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, खात होते. समोर त्यांच्या पत्नी सुमतीवहिनी, मोठ्या आजारातून नुकत्याच उठलेल्या. बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या. गोखल्यांनी घास घेतला की त्या घेत. ते थांबले की त्याही थांबत.

ते मला लिफ्टपर्यंत सोडायला आले. मी म्हटलं, अहो, त्या पूर्वजाला आता तरी आवरा.

"आठ दिवस आवरलं," ते हळूच म्हणाले. "हिनंही ताट सरकवलं. मी जेवल्याशिवाय जेवायचं नाही, हे हिच्या हाडात मुरलंय. माझं गोदाम भरलेलं आहे हो. हिच्यात काही उरलेलं नाही."

मला फार वाईट वाटलं.

"पूर्वज एकटा कधी जेवत नसे," ते म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी आणि बायको आमची ताटं घेऊन वर गेलो. आल्या-गेल्याला एकटं जेवू देणं वहिनींच्या रीतीत बसत नाही. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. गोखल्यांनी काकडीची एक फोड तोंडात टाकली, तेव्हा वहिनींनी लुची मोडली.

वहिनींची दुसरी लुची संपेपर्यंत गोखले तीच फोड चघळत होते.