उंचीवरचं काम

अमरावतीच्या योगेशनं त्या दिवशी घरात कर्फ्यूच लावला. "तीन ते चार कोनी घरात पाय ठेवाचा नाई. आवाज तं बिलकुलच नाई!"

इंग्लंडच्या विद्यापीठाची ऑनलाइन मुलाखत होती. 'कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य' या विषयात एम.एससी. करायचं होतं. गेल्या वर्षी याच मुलाखतीत तो आपटला होता. आता ही शेवटची संधी.

त्याचे वडील गोवर्धन लग्नमांडवांना फुलांची सजावट करणारे. पोरगा काय शिकायला चालला असं कोणी विचारलं, की म्हणत, "कामावर पडू नये कसं, ते शिकाले." यावर शेजारचे खुशालराव दरवेळी म्हणत, "त्याच्यासाठी इंग्लंडले कायले जा लागते?"

घराबाहेर काढलेला रिकामा माणूस फार वाईट. त्यात ओट्यावर फ्लेक्स येऊन पडलेला. 'परदेशी रवाना होत असल्याबद्दल योगेशभाऊंचे हार्दिक अभिनंदन!' खाली वीस शुभेच्छुकांचे फोटो.

"मंजुरी तं येऊ द्या," योगेशची आई माणिकबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"येतेच न बाप्पा! तवरिक टांगून ठेवतो."

मग ड्रम आला. ड्रमवर स्टूल, स्टुलावर प्लास्टिकची खुर्ची आणि खुर्चीवर गोवर्धन. एक हात विजेच्या खांबाला, गळ्यात झेंडूची माळ. खाली ड्रम धरायला खुशालराव.

आत गोऱ्या प्राध्यापकानं विचारलं, "उंचीवर कोणी धोकादायक पद्धतीनं काम करताना दिसलं, तर सर्वांत आधी काय कराल?"

"काम ताबडतोब थांबवीन," योगेश इंग्रजीत ठणकावून म्हणाला. तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात त्याला स्वतःचं डोकं दिसलं आणि डोक्यामागच्या खिडकीत बाप लोंबकळताना दिसला.

त्यानं मागं वळून पाहिलं. बापाशी नजरानजर झाली. एक हाक मारली असती, तर बाप खाली उतरला असता. पण हाक मारली नाही लेकानं. त्यानं लॅपटॉप हळूच भिंतीकडे फिरवला आणि सुरक्षा-पट्ट्यांवर छान बोलत राहिला.

नेमकी तेव्हाच खुशालरावांना तलफ आली. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला दोन्ही हात लागतात. त्यांनी ड्रम सोडला.

धाडकन आवाज झाला. प्राध्यापकानं विचारलं, "काय पडलं?"

"काही नाही, सर," योगेश म्हणाला.

आठव्या दिवशी प्रवेश मिळाला. खुशालरावांनी ओशाळून फ्लेक्स स्वतःच टांगला होता, तोही शिडी लावून. गोवर्धनचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. लग्नसराई सगळी हातची गेली. येणाऱ्याजाणाऱ्याला गोवर्धन पेढा देत होते आणि योगेशनं मात्र अजून पेढ्याला हात लावला नव्हता.

शेवटी तो खाटेशी जाऊन बसला. "बाबा, मी पाह्यलं होतं तुमाले. मीच लॅपटॉप फिरवला. चुकलं माह्यं."

"मालूम हाय न. मले दिसलं खिडकीतून."

"मंग उतरले काहून नाई?"

"उतरतो तं खुर्ची वाजली असती. पडतानी बी वरडलो नाई, बाबू. तुयी परीक्षा चालू होती."

योगेशनं डोळे पुसले आणि विद्यापीठाची नवी मेल उघडली. पहिला गृहपाठ आला होता: 'तुमच्या डोळ्यांदेखत घडलेला एक अपघात आणि तो टाळण्यासाठी तुम्ही काय केलं, ते लिहा.'

"काय आलं?" गोवर्धननं विचारलं. योगेशनं मराठीत वाचून दाखवलं, अर्धंच.

बापाचा चेहरा फुलला. "माह्याच लिव न मंग! पायाचा फोटो बी लाव. पूर्न मार्क देतीन."