फायनलचं भरीत

यावलच्या मैदानावर मॅच चालू असताना सायकलची घंटी ऐकू आली, तर कुणी सायकलवाला वाट चुकून मैदानात घुसलाय असं समजू नका. ते आमच्या टीमचे मॅनेजर नाना असतात. एक घंटी म्हणजे थांबा. दोन घंट्या म्हणजे सुटा. आणि घंटी सारखी खणखणत राहिली, तर सगळ्यांनी आपल्या गोलसमोर येऊन उभं राहायचं. तेव्हा नाना ओरडतात, "गाडी डेपोमा लावा रे! मागे बठ्ठी जागा खाली शे, मागे सरका!"

नाना एसटीत कंडक्टर होते. मूळचे धुळ्याकडचे. नोकरीनं यावलला आले ते इथंच राहिले, पण बोली काही सोडली नाही. आमच्याकडची बोली वेगळी, त्यामुळे नव्या पोरांना पहिला महिनाभर नानांचं निम्मं बोलणं कळत नाही. म्हणून तर घंटी आली.

आता कंडक्टर फुटबॉलचा मॅनेजर कसा झाला, हे विचारणारच तुम्ही. मीही विचारलं होतं. मला चौकशीची भारी खोड. माझं बसस्टँडच्या रस्त्यावर मेडिकल आहे, आणि माझी बायको म्हणते की गिऱ्हाइकाला गोळी मिळायच्या आधी चार प्रश्न मिळतात. तर झालं असं, की भुसावळला रेल्वेमुळे फुटबॉल आधीपासून मुरलेला. आमची पोरं तिकडे मॅच खेळायला नानांच्या गाडीनं जायची. परतताना उशीर झाला तर नाना शेवटची गाडी धरून ठेवायचे. ड्रायव्हर वैतागायचा, प्रवासी शिव्या घालायचे, पण पोरं चढल्याशिवाय नाना काही डबल बेल मारायचे नाहीत. रिटायर झाल्यावर पोरांनीच त्यांना ओढून नेलं. नानांनी जन्मात बॉलला पाय लावलेला नव्हता. पण हे कुणाच्या लक्षात यायच्या आत ते मॅनेजर होऊन बसलेसुद्धा!

नाना दुपारी माझ्या दुकानात येऊन बसतात. मला ते डाक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, हे मी त्यांना सांगायचं केव्हाच सोडून दिलंय. आले की काउंटरवर खोकल्याच्या बाटल्या मांडतात. अकरा बाटल्या, अकरा पोरं. लहान बाळांच्या पोटदुखीच्या औषधाची बुटकी बाटली गोलकीपर. कारण काय, तर आमचा गोलकीपर इम्रानही बुटका आहे.

"डाक्टर, हाऊ गोलकीपर शे, त्याले हात लावू नका," असं बजावून ते समोरच्या टीमच्या मलमाच्या ट्यूबा पुढे सरकवू लागतात.

एकदा एक बाई घाईघाईत आल्या, एक बाटली उचलली आणि "हीच द्या" म्हणाल्या. मी देऊन टाकली. नाना त्या बाईंच्या पाठीकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "आते लेफ्टला कोन खेळी?" मी नवी बाटली काढून दिली, तर ती वेगळ्या कंपनीची निघाली. नानांनी ती राखीव खेळाडू म्हणून बाजूला ठेवली.

तर असे हे नाना. दर हिवाळ्यात जिल्ह्यातल्या गावांची स्पर्धा होते आणि दर वर्षी नाना टीमला फायनलला नेतात. आणि दर वर्षी फायनल हरतात. एखादं वर्ष नाही हो, दर वर्षी! कधी पहूरकडून, कधी जामनेरकडून. पद्धत ठरलेली. आधी आपला एक गोल होतो. गाव नाचतं. मग घंटी खणखणते, गाडी डेपोत लागते. दुसऱ्या हाफमध्ये आमची पोरं अशी पळतात की जणू प्रत्येकाच्या डोक्यावर केळीचा घड दिलाय. आणि मग समोरचे दोन गोल मारून कप घेऊन जातात.

यावर गावात एकच मत होतं. चूक नानांच्या डावपेचांची. कॉलेजात खेळ शिकवणारे चौधरी सर तर माझ्या दुकानात उभं राहून सांगायचे, "एक गोल झाला की दुसऱ्यासाठी जायचं असतं. हा माणूस दार लावून बसतो. फुटबॉल म्हणजे काय एसटी आहे?" ऐकणारे माना डोलवायचे. शेवटी मागच्या हिवाळ्यात क्रीडा मंडळाच्या अध्यक्षांनी नानांच्या तोंडावरच सांगितलं, की यंदा फायनल हरलो तर पुढल्या वर्षीपासून टीम चौधरी सरांकडे.

नाना त्या दिवशी दुकानात आले आणि बाटल्या न मांडताच बसून राहिले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी सुरतेला, तिचा संसार तिकडे. इथं नानांना होतं काय? ती घंटी आणि ती पोरं. मला फार वाईट वाटलं. पण त्याहून जास्त, खरं सांगतो, मला कुतूहल वाटलं. कारण सेमीफायनललाही नाना गाडी डेपोतच लावतात. तिथं कसे जिंकतात मग? तोच मॅनेजर, तीच पोरं, तीच घंटी. फायनललाच असं काय होतं?

उत्तर माझ्याच काउंटरवर होतं आणि मला दिसत नव्हतं. फायनल हरली की संध्याकाळी आमचे खेळाडू तोंड पाडून माझ्याकडे येतात. मला वाटायचं, मुरगळलेल्या पायासाठी मलम घ्यायला येत असतील. पण छे! मलम एखादाच घ्यायचा. बाकी सगळे ॲसिडिटीच्या गोळ्या न्यायचे. आणि सेमीफायनलनंतर? एकही नाही.

मी इम्रानला गाठलं. "काय रे, फायनलच्या दिवशी जेवता काय तुम्ही?"

तो लाजला. "नानांचं भरीत."

"कधी?"

"दुपारी. मॅचच्या आधी."

"आणि किती खाता?"

"आता काय सांगू भो! नाना वाढू राह्यले तं नाही कसं म्हनाचं?"

हात्तिच्या! मी कपाळावर हात मारून घेतला. सेमीफायनल बाहेरगावी होते, फायनल मात्र आमच्या मैदानावर. मैदानाला लागून एका ओळखीच्या शेतकऱ्याची केळीची बाग आहे. तिच्या बांधावर नाना सकाळपासून चूल मांडून बसतात. हिरवी, पांढुरकी, हातभर वांगी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, लाकडाच्या भांड्यात मुसळीनं ठेचायची, मग लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात आणि वरून तेल. तेल किती, हे खानदेशात विचारायचं नसतं. सोबत पुऱ्या. हे सगळं पोटात घालून आमची पोरं चार वाजता फायनल खेळायला उतरायची. पहिला हाफ निघून जायचा कसाबसा. दुसऱ्या हाफला भरीत बोलायला लागायचं. आणि अख्खं गाव डावपेचांवर वाद घालत बसलेलं!

मी नानांना दुकानात बसवलं, चहा मागवला आणि सगळं सांगितलं. "नाना, भरीत करा, भरपूर करा. फक्त मॅचनंतर करा. कप तुमचा."

मला वाटलं नाना उडी मारतील. नानांनी गोलकीपरची बाटली उचलली आणि तिचं झाकण उगाच घट्ट करत बसले.

"नंतर कोनी येत नही, डाक्टर," ते म्हणाले.

"कोण म्हणतं?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या पहिल्या फायनलला त्यांनी भरीत मॅचनंतरच केलं होतं. पोरं दमून येतील, गरम गरम जेवतील म्हणून. आणि ती फायनल पोरं हरली. "बठ्ठा पोरे मांगना रस्ताथीन निंघी गयात. माले तोंड दखाडाले लाज वाटनी त्यासले." नाना बांधावर पुऱ्या झाकून अंधार पडेपर्यंत बसून राहिले. कोणी आलं नाही. "हारेल पोऱ्याले भूक लागत नही का, डाक्टर?" एवढं विचारून ते माझ्याकडे बघायला लागले.

म्हणून पुढल्या वर्षापासून भरीत आधी. मॅचच्या आधी पोरं पळून कुठे जाणार? जिंको, हरो, जेवलेली तरी असतात.

माझा चहा गार झाला. पण मला नानांचं मॅनेजरपद वाचवायचं होतं. मी म्हणालो, "नाना, यंदा हरणारच नाहीत ना! जिंकल्यावर कशाची लाज? उड्या मारत येतील तुमच्याकडे."

नानांनी गोलकीपरची बाटली जागेवर ठेवली आणि होकारार्थी मान हलवली.

त्या फायनलला पोरांनी दुपारी केळी खाल्ली, तीही बेतानं. चार वाजता मॅच सुरू झाली. समोर पहूर. पहिल्या हाफमध्ये आपल्या भूषणनं गोल मारला, नेहमीप्रमाणे. घंटी खणखणली, नेहमीप्रमाणे. चौधरी सरांनी डोकं धरलं, तेही नेहमीप्रमाणे. पण दुसऱ्या हाफला आमची पोरं पळतच होती! पहूरवाले धडका मारून थकले, गाडी डेपोतून हलली नाही. शिट्टी वाजली. एक शून्य. अहो, मी माझ्या वयाला न शोभेल अशी उडी मारली.

पुढे तर नुसता गोंधळ. डीजे, गुलाल, ट्रॅक्टर. पोरांनी नानांना ट्रॅक्टरवर ओढलं. नाना म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी भरीत गरम करस." तेवढ्यात अध्यक्षांनी माइकवर जाहीर करून टाकलं, की सगळ्या टीमला आज ढाब्यावर मटण. जल्लोष झाला. ट्रॅक्टर निघाला. त्या आवाजात नानांचं बोलणं कुणाला ऐकू आलं असेल, देव जाणे. पोरांना वाटलं असणार, यंदा भरीत नाहीच, म्हातारा दमलाय, घरी गेला.

मी बांधावर गेलो. दिवस मावळत होता. ताटं मांडलेली होती, सगळ्या टीमची. पातेल्यावर झाकण, झाकणावर निखारे. नाना चुलीशी बसून गावाकडून येणारा डीजे ऐकत होते.

"आते येतीन," ते म्हणाले.

मी बसलो. डीजे बसस्टँडपर्यंत गेला, मग ढाब्याच्या रस्त्याला लागला. मी इम्रानला लावायला फोन काढला, तर नानांनी माझा हात धरला. "नाचू द्या. इतला वर्षनी जिकनात."

मग त्यांनी माझं ताट वाढलं. नको म्हणायची सोय नव्हतीच. भरीत असं झालं होतं की काय सांगू!

"पुढला साले भरीत मॅचना पहिले," नाना म्हणाले.

"अहो नाना, हराल ना परत! टीम जाईल हातची!"

"जाऊ दे," नाना म्हणाले. त्यांनी मला आणखी एक पुरी वाढली, स्वतःच्या ताटात थोडं भरीत घेतलं. "एकला ते मी रोजच जेवस, डाक्टर."

दुसऱ्या दिवशी चौधरी सर दुकानात येऊन मान्य करून गेले, की नानांचे डावपेच सुधारले. मी हो म्हणालो.

यंदाची फायनल येत्या रविवारी आहे, जामनेरशी. काल नाना बाजारात वांगी निवडताना दिसले. एकेक वांगं हातात घेऊन दाबून बघत होते, चेहरा असा खुललेला, की मी हाक न मारताच पुढे गेलो. मी चौधरी सरांना काही बोललो नाही. अध्यक्षांना नाही, इम्रानलाही नाही. दुकानात आलो आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांचे दोन डबे जास्तीचे मागवून ठेवले.