दोन विलायती गाड्यांतला फरक स्पष्ट करा

'फरक स्पष्ट करा' हा प्रश्न मी पोलादपुरात एकतीस वर्षं शिकवला. बेडूक आणि मासा, देश आणि कोकण, काहीही द्या. मधे उभी रेघ मारून दोन मिनिटांत निकाल लावतो! त्यामुळे माझ्या नातीला, पूजाला, लग्नासाठी महाडच्या हॉलवर कोणाच्या गाडीतून न्यायचं, हे ठरवायला मी लगेच तयार झालो.

गाड्या माझ्या दोन जुन्या विद्यार्थ्यांच्या. दोन्ही विलायती, पन्नाशी उलटलेल्या, शर्यतीच्या ऐटीच्या. दुबईहून परतलेल्या अकिबची इंग्लिश गाडी म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती. सदा कापडाखाली, महिन्यातून एकदा दर्शन. मुंबईकर सुहासची इटालियन म्हणजे सुटलेलं वासरू. दर रविवारी आंबेनळी घाटात. अकिब म्हणे, गाडी जपायची असते. सुहास म्हणे, मग फोटो जप की. एकाला हो म्हटलं तर दुसरा दुखावणार, आणि दोघेही माझेच.

मी ओटीवर मुलांचा वर्ग भरवला, फळ्यावर रेघ मारली. इंजिन: एकीचं लांब नाकात, दुसरीचं सीटच्या पाठीशी. सिलिंडर: सहा, सहा. आवाज: वाघ गुरगुरतो, गांधीलमाश्या चवताळतात. रूप, वेग, वळणावरची पकड, सगळं तोललं. गुण नऊ-नऊ!

पूजाच्या मावसबहिणीने, नऊ वर्षांच्या सेजलने, हात वर केला. "गुरुजी, प्रश्न काय हाय? कुठली गाडी चांगली, की पूजाताईला न्यायला कुठली चांगली?"

"आधी फळा उतरवून घे, बाळ," मी मायेने म्हणालो.

शेवटी चिठ्ठी टाकली. अकिबची निघाली. सुहासने मागून यायचं ठरलं.

मुहूर्त अकरा सत्तावीसचा. दहा वाजता पूजा गाडीत बसली. बसली कसली! सीट इतकी खाली, की विहिरीत पोहरा सोडावा तशी दोन मामांनी तिला आत सोडली. हळदीचा डाग नको म्हणून अकिबने चादर अंथरलीच होती. मग कऱ्हादिवा घेऊन करवली पुढे आली. करवली सेजलच. तिने आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"गुरुजी, मी कुठं बसू?"

चालवणारा एक, नवरी एक. गाडी भरली होती!

सुहास म्हणाला, करवली माझ्या गाडीत बसू दे. आमच्या सौभाग्यवतींनी, प्रयागबाईंनी, पदर खोचला. "करवली नवरीच्या पाठीशी असते. मागच्या गाडीत नाय."

"अकिब, तूच उतर," सुहास म्हणाला. "तुझी गाडी नाहीतरी उभीच बरी दिसते."

दोघे भांडत राहिले, घड्याळ पळत राहिलं. साडेदहाला पोहरा वर काढायला मामांच्या जोडीला एक मावशीही लागली. तेवढ्यात रामजीची सहा आसनी मिनिडोर रिक्षा महाडकडे निघालेली दिसली. त्याने आमच्याकडे पाहून नुसता हात बाहेर काढला. "चढा गो, जागा हाय."

नवरी, करवली, प्रयागबाई, दोन्ही मामा, मी, आणि आधीपासून बसलेले चौघे, त्यांतली सुंदराबाई तर मांडीवर कोंबड्यांची टोपली घेऊन! मागे दोन्ही विलायती गाड्या, ताशी तीसच्या वेगाने, मिनिडोरचा धूर खात. सात मिनिटं राखून पोहोचलो.

पुढच्या रविवारी ओटीवर आलो, तर फळ्यावर तिसरा रकाना: 'रामजीकाकांची मिनिडोर'. खाली सेजलच्या अक्षरात: 'माणसं: दोन, दोन, अकरा.' आणि मी मुलांच्या वहीत देतो तसाच लाल शेरा: 'प्रश्न नीट वाचावा.'

शेजारी पालकांच्या सहीसाठी जागा सोडली होती. ती सही प्रयागबाईंनी केली होती.