मयतराव उठून बसतात

“मयतराव आले का? आले असतील तर चहा पाजा आणि लगेच मारून टाका, पुढची मंडळी खोळंबलीत!”

डबिंग स्टुडिओच्या दिग्दर्शिकाबाई आतून ओरडल्या आणि मयतराव लगबगीने काचेच्या खोलीत शिरले.

मयतराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण परदेशी मालिकांना आपल्या भाषेत बोलतं करणाऱ्या त्या स्टुडिओत ते इतकी वर्षं फक्त मरतच आले होते. नायकाचा आवाज दुसऱ्याचा, नायिकेच्या बापाचा तिसऱ्याचा. मयतरावांच्या वाट्याला यायचे ते पहिल्या पाच मिनिटांत गचकणारे पहारेकरी, फितूर नोकर आणि खलनायकाला नको तो प्रश्न विचारणारे त्याचेच साथीदार. बुडणाऱ्याच्या घशात पाणी कसं खळखळतं, कड्यावरून पडणाऱ्याची किंकाळी कुठे बारीक होत जाते, हे त्यांच्याइतकं कुणालाच साधत नसे. बाई कौतुकाने म्हणायच्या, “बाकीचे नुसते ओरडतात हो. मयतराव जीव ओतून मरतात.”

त्या दिवशीचं काम तर अगदीच किरकोळ होतं. हॅटवाल्या गुंडांची एक नवी ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका आली होती. पहिल्याच भागात टोळीचा म्हातारा म्होरक्या दोन वाक्यं बोलतो आणि तिसऱ्याच्या आत गोळी खातो. पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण गोष्ट फुटू नये म्हणून कंपनी एकेक भाग सुटा सुटा पाठवत असे. आणि कलाकारालाही बोलावणं यायचं ते फक्त त्याच्या स्वतःच्या वाक्यांपुरतं.

“आवाज कसला देऊ?” मयतरावांनी विचारलं.

“कसलाही द्या. घटकाभराचा पाहुणा आहे.”

इथेच घात झाला, कारण मयतराव थेट सासऱ्यांकडून आले होते.

सासरे म्हणजे नाना. उभा जन्म छापखान्यात गेलेला, मशीनच्या खडखडाटावर ओरडून ओरडून घशाची पार वाट लागलेली. बोलण्याआधी ते एकदा खाकरत, मग खोलवर घरघरत, आणि मग गंजलेलं शटर वर जावं तसं वाक्य बाहेर येई. बायको गेल्यापासून ते तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत होते. लिफ्ट नाही, गुडघे संपावर गेलेले, त्यात मध्यंतरी जिन्यात पडून घेतलेलं. तेव्हापासून मयतरावांच्या बायकोने एकच धोसरा धरला होता, की नानांनी आता आपल्याकडे राहायला यावं. रात्री फोन वाजला की ती दचकून उठायची. पण नाना ऐकतील तर शपथ!

त्या सकाळीही बायकोने मयतरावांना बोलणी करायला धाडलं होतं. नाना म्हणाले, “तुमच्याकडे? तिथे तुम्ही बाथरूममध्ये मरायचा सराव करणार, आणि मी बाहेर टॉवेल घेऊन उभा! जावईबापू, माणसाने काहीतरी काम करावं. मरणं हे काय काम झालं? ते तर सगळेच करतात.”

मयतरावांनी राग गिळला आणि निदान जाता जाता ठिबकणारा नळ तरी नीट करावा म्हणून हात घातला. “त्याला हात लावू नका,” नाना म्हणाले. मयतरावांनी लावला. नळ हातात आला, पाणी तोंडावर आलं, आणि मागून खाकरणं, घरघर, शटर : “आम्ही आधीच बोललो होतो.”

तेव्हा माईकसमोर उभं राहिल्यावर मयतरावांच्या तोंडून दुसरं कोण बोलणार? खाकरणं, घरघर, सगळं साग्रसंगीत झालं. म्हाताऱ्याला गोळी लागली. पण वाक्य संपलं तरी पडद्यावर त्याचं तोंड हलतच होतं. “ओठ उरलेत, भरा काहीतरी!” रेकॉर्डिस्ट कानात ओरडला. आणि मयतरावांनी भरलं : “आम्ही आधीच बोललो होतो.” काचेपलीकडे हशा पिकला. म्होरक्या आडवा झाला आणि मयतराव हलक्या मनाने घरी गेले.

आठवड्याने बाईंचा फोन आला.

“मयतराव, घोटाळा झालाय. तुम्ही उठलात!”

“मी मघाशीच उठलो बाई. दाढीसुद्धा झाली.”

“तुम्ही नाही हो, तुमचा म्हातारा! दुसऱ्या भागात कोट झटकून उठून बसलाय. तो म्हणे फार पूर्वी कसलंसं औषध प्यायलाय. तो मरतच नाही!”

मयतराव धावत स्टुडिओत गेले. पाहतात तो खरंच. म्हाताऱ्याला भोसकलं, तो उठला. गच्चीवरून ढकलला, उठला. वर त्या मालिकेच्या गोष्टीला ना शेंडा ना बुडखा. एका भागात आजची हकीकत, पुढच्यात तीस वर्षांपूर्वीची, मग एकदम साठ वर्षांनंतरची. बाकी सगळे कुठे तरुण, कुठे म्हातारे, कुठे नाहीतच. म्हातारा मात्र प्रत्येक भागात जसाच्या तसा. तोच होता मालिकेचा नायक.

“मग मी नीट आवाज लावतो,” मयतराव म्हणाले.

“आता कसला लावता? पहिला भाग लोकांनी पाहिला. पोरं एकमेकांना ‘आम्ही आधीच बोललो होतो’ म्हणतायत. कंपनीने कळवलंय, आवाजात तसूभर फरक चालणार नाही.”

जन्मभर मेलेल्या माणसाला पहिल्यांदाच जगायची संधी मिळाली होती, आणि तीही सासऱ्यांच्या घशातून. मयतरावांना हसावं की रडावं कळेना. नानांकडे टीव्ही नव्हता, हा त्यातल्या त्यात दिलासा. पण उद्या कुणी कानावर घातलं तर? जावई आपली टिंगल जगभर वाजवतोय असं कळल्यावर ते घरी राहायला यायचे तर सोडाच, तोंडसुद्धा पाहायचे नाहीत. आणि बायकोला काय सांगणार?

त्यात आवाज ताजा ठेवायचा म्हणजे मूळ माल रोज ऐकायला हवा. मयतराव रोज संध्याकाळी नानांकडे जाऊन बसू लागले. खाकरणं कुठल्या पट्टीत आहे, रागावल्यावर घरघर लांबते की आखडते, हे कान देऊन ऐकू लागले. जन्मात कुणी आपलं इतकं लक्ष देऊन ऐकलेलं नाही, हे नानांच्याही ध्यानात आलं. आधी ते संशयाने पाहत. मग दुसरी खुर्ची आधीच मांडून ठेवू लागले. एकदा मयतरावांना उशीर झाला तर नाना खिडकीत उभे होते.

“तुमचं आणि नानांचं इतकं गूळपीठ!” बायको भरल्या डोळ्यांनी म्हणाली. “माझ्यासाठी करताय ना हे?”

मयतरावांनी घास गिळला. त्या रात्री त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

शेवटी घशानेच सूड उगवला. उसनी घरघर काढून काढून मयतरावांचा आवाज एका सकाळी साफ बसला. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि बजावलं, “महिनाभर एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही.” शेवटचे भाग मात्र चार दिवसांत द्यायचे होते. बाईंनी गावभरचे नकलाकार तपासले. कुणाचं खाकरणं जमे तर घरघर नकली निघे. बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, “अहो, हा आवाज तुम्ही आणलात तरी कुठून?”

मयतरावांनी मान खाली घातली. आता कबुलीवाचून गत्यंतर नव्हतं, आणि कबुली द्यायला आवाज नव्हता. बायकोला बरोबर घेऊन ते नानांसमोर खुर्चीत बसले आणि त्यांनी मोबाईलवर एक प्रसंग लावला. म्हातारा गुंड गोळी खाऊन पडला, उठला, खाकरला, घरघरला आणि बोलला.

बायकोने पहिल्या खाकरण्यालाच ओळखलं. तिने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्या गुंडालाही मरण आलं असतं.

नाना मात्र शांतपणे ऐकत होते. “कोण हा थेरडा?” ते म्हणाले. “भलताच कुरकुर्‍या आहे. घरचे कसे सोसतात कोण जाणे.”

“नाना,” बायको हळूच म्हणाली, “तुम्ही आहात हे. म्हणजे, तुमचे जावई तुमच्यासारखं बोललेत.”

नाना खाकरले, आणि खाकरता खाकरता मध्येच थांबले. मग त्यांनी विचारलं, “मी असा बोलतो?”

मयतरावांनी हात जोडले.

“म्हणून रोज येत होता होय?” नाना उठून दाराशी गेले. “मला वाटलं, गप्पा मारायला येता. जा आता. दार ओढून घ्या.”

जिना उतरताना बायको रडत होती आणि मयतरावांना समजूत घालायलासुद्धा तोंड नव्हतं, दोन्ही अर्थांनी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मयतराव बाईंसमोर मुकाट बसलेले असताना स्टुडिओच्या दारातून एक आवाज आला. “इथे वरिष्ठ कोण आहे? मला तक्रार करायचीय.”

बाई तीनताड उडाल्या. रेकॉर्डिस्टने पडद्याकडे पाहिलं, म्हाताऱ्याचं तोंड तर बंद होतं. दारात कडक इस्त्रीच्या शर्टात नाना उभे होते.

बाईंनी त्यांना हाताला धरून बसवलं, पाणी दिलं, सगळी तक्रार ऐकून घेतली. तोवर समोर पडद्यावर म्हाताऱ्याला कुणीतरी पुन्हा एकदा गोळी घातली आणि तो कोट झटकून उठला. नाना बोलता बोलता तिकडे पाहू लागले.

“हा मरत नाही?”

“नाही. काही केलं तरी नाही.”

“मग ह्याचं दुःख काय?”

“त्याची माणसं मरतात ना,” बाई म्हणाल्या. “तो एकटाच उरतो.”

नानांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, “कुठे उभं राहायचं?”

बाईंना आकाश ठेंगणं झालं. अस्सल माल दारात चालून आला होता! नानांनी हेडफोन चढवला, वाक्य म्हटलं, आणि काचेपलीकडे सगळे एकमेकांची तोंडं पाहू लागले.

“नाना,” बाई चाचरत म्हणाल्या, “छानच. पण त्या म्हाताऱ्यासारखं नाही वाटत.”

“तो माझ्यासारखा बोलतो ना?”

“हो. पण तुम्ही नाही बोलत तसं. तुमच्यासारखं जे बोलतात ना, त्यांच्यासारखं बोला.”

नाना भडकले. पण चूक बाईंचीही नव्हती. माईक दिसताच नानांनी जपून, शुद्ध, समारंभात बोलावं तसं बोलायला सुरुवात केली होती. शेवटी मयतराव आत जाऊन समोर उभे राहिले. त्यांनी हाताने खूण केली की नानांनी खाकरायचं, पंजा खाली नेला की घरघरायचं, भुवई उडवली की चिडायचं. जावई शिकवत होता आणि सासरे स्वतःसारखं बोलायला शिकत होते. दुपारपर्यंत नाना बरेचसे नाना झाले. “हा माणूस खाकरतो फार,” ते तेवढ्यात कुरकुरले, “पण तुम्ही टिपलंत बरोबर.” मयतरावांच्या उभ्या आयुष्यात सासऱ्यांनी केलेली ती पहिली स्तुती.

चौथ्या दिवशी शेवटचा प्रसंग आला. इतक्या उड्या मारून गोष्ट अखेर एका जुन्या घरात येऊन थांबली होती. टोळी संपलेली, शत्रूही संपलेले. म्हातारा दार उघडून आत येतो, हॅट काढतो आणि एका रिकाम्या खुर्चीसमोर बसतो. वाक्य साधंच होतं. मयतरावांनी खाकरण्याची खूण केली. नानांनी ती पाहिली, आणि खाकरलेच नाहीत. घरघरलेही नाहीत. खुर्चीकडे पाहत ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “तू पुढे गेलीस. मला काही मागून येता आलं नाही. आता संध्याकाळी दिवा तेवढा लावतो.”

रेकॉर्डिस्टने बटणावरचं बोट उचललं नव्हतं. बाईंनी डोळे पुसले आणि त्या मोठ्या नाइलाजाने म्हणाल्या, “नाना, फार सुंदर. पण हा आवाज आधीच्या आवाजाशी जुळत नाही. परत घ्यावं लागेल.”

“नाही घ्यायचं,” मयतराव म्हणाले.

महिनाभराची बंदी मोडून, फाटक्या, चिरक्या, पण स्वतःच्या आवाजात त्यांनी ते म्हटलं. “इतके दिवस मी त्यांचं खाकरणं ऐकत होतो, बाई. हे ऐकलंच नाही. हेच राहू दे.”

बाईंनी रेकॉर्डिस्टकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली.

नानांनी हेडफोन काढून नीट खुंटीला अडकवला. “डॉक्टरांनी बोलू नका म्हटलंय ना तुम्हाला?” ते दरडावून म्हणाले, पण हात मयतरावांच्या खांद्यावर ठेवला. जिना उतरेपर्यंत तो त्यांनी काढला नाही.

फाटकाशी आल्यावर नाना थांबले. “उद्या टेम्पो घेऊन या. सामान फार नाही. दोन खुर्च्या आहेत, त्या दोन्ही आणायच्या.”

मयतरावांनी जोरजोराने मान डोलावली. डोळे भरून आले ते त्यांनी लपवलेही नाहीत.

“आणि हे पाहा,” नाना बोट उगारून म्हणाले, “बाहेर काय ते करा. घरात मात्र माझ्यासारखं फक्त मी बोलणार.”