सालईला बांधलेली ओढणी

पावसाळ्यातला पहिला फोटो जितेंद्रने एका दमात काढला. सातपुड्यातल्या अभयारण्यात, पठाराच्या अगदी कडेला, धुक्यातून वर आलेलं एकटं सालईचं झाड. आनंदाने त्याने हात वर केले आणि छत्री दरीत गेली. त्याला पर्वा नव्हती. जळगावच्या एका छायाचित्र मंडळाची स्पर्धा होती, 'एक जागा, तीन ऋतू', आणि दिवसभर दुकानात लोकांना चष्मे लावणाऱ्या जितेंद्रला या स्पर्धेने पार झपाटलं होतं.

हिवाळ्यात बायकोला घेऊन तो परत गेला. धुकं नव्हतं आणि कडेला सालईची तीन झाडं उभी होती.

"कामिनी, आपलं कोणतं गं?"

"मला काय विचारता? पावसाळ्यात मी कुठे होते?"

"मधलं असेल."

"मधलं वाकडं आहे."

दुपार होईपर्यंत तो तिन्ही झाडांभोवती फिरला. शेवटी कामिनीने कॅमेऱ्यातला जुना फोटो मिनिटभर पाहिला आणि उजवीकडच्या झाडाकडे बोट दाखवलं. फांदीचं बेचकं हुबेहूब तेच. जितेंद्रने फोटो काढला आणि मग त्याला एक कल्पना सुचली. उन्हाळ्यात पानं झडल्यावर हाच घोळ पुन्हा नको. त्याने कामिनीच्या गळ्यातली पांढऱ्या ठिपक्यांची लाल ओढणी काढली आणि बुंध्याला घट्ट बांधली.

"अहो, मामीने दिलेली आहे ती!"

"मे महिन्यात परत मिळेल. जंगलात कोण नेतंय?"

नेली कोणीच नाही. मे महिन्यात, स्पर्धेची मुदत संपायच्या आदल्या दिवशी, दोघं पठारावर पोहोचले, तेव्हा जितेंद्र कॅमेरा घेऊन पुढे पळत सुटला. "लाल दिसतंय! सापडलं!"

"निळंही दिसतंय," मागून कामिनी म्हणाली. "आणि हिरवं. आणि तो पाळणा आहे का हो?"

पाळणाच होता. सालईच्या बोडक्या फांद्यांना साड्यांचे काठ, रुमाल, बांगड्या आणि चिमुकले लाकडी पाळणे लटकले होते. बुंध्याला शेंदूर. शेजारी 'येथे कापड बांधू नये' अशी पाटी होती आणि त्या पाटीलाही दोन रुमाल बांधलेले होते.

पाटीखाली वनरक्षक झुलाल घाम पुसत बसले होते. "फेब्रुवारीपासून हेच चाललंय. कोणीतरी एक ओढणी बांधली, ती पाहून दुसऱ्याने बांधली. आता म्हणतात, झाड नवसाला पावतं! तो पहिला माणूस मला एकदा सापडू द्या."

जितेंद्र दरीकडे बघू लागला.

"लाल होती का हो ती? पांढऱ्या ठिपक्यांची?" कामिनीने हरखून विचारलं. "माझीच! या सगळ्याखाली आहे का अजून?"

झुलाल हळूहळू उभे राहिले.

दंड झाला नाही. शिक्षा एकच: हे सगळं आत्ताच्या आत्ता उतरवायचं. चौकीतून शिडी आली. जितेंद्र वर चढला, कामिनी खालून पोतं धरून उभी राहिली. भर उन्हात एकेक गाठ सोडताना तो मनात म्हणत होता, सूर्य बुडायच्या आत झाड मोकळं झालं की फोटो मिळालाच. साडेसहाला शेवटचा पाळणा उतरला. सोनेरी उजेडात पांढरीशुभ्र सालई झळकली. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला.

आणि चौकटीत पंधरा-वीस माणसं शिरली.

धुळ्याकडून आलेलं एक अख्खं कुटुंब होतं. पुढे गुडघे धरत चालणाऱ्या आजी, कुंदाबाई, हातात नारळांची पिशवी. "अरे, बठ्ठा कपडा कोनी सोडात?" सगळ्या मोकळ्या फांद्यांकडे बघत त्यांनी अहिराणीत विचारलं.

"या साहेबांनी," झुलालांनी तत्परतेने सांगितलं.

"मना नातूले नोकरी लागनी भाऊ, नवस फेडाले उनू मी. तू काय पुजारी शे?"

"नाही हो अक्का, हे साधं झाड आहे! ओढणी खुणेसाठी मीच बांधली होती. मला फक्त या झाडाचा फोटो हवाय. मोकळ्या झाडाचा. आजच, आत्ताच! सूर्य बुडाला की वर्षभराची मेहनत गेली!"

कुंदाबाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. मग सालईसमोर हात जोडून त्या काहीतरी पुटपुटल्या आणि मागे वळून कडाडल्या, "सरका रे बठ्ठा बाजूले! भाऊना नवस शे!"

माणसं, पोरं, पिशव्या क्षणात बाजूला झाल्या. सूर्य डोंगराला टेकला होता. बोडक्या फांद्या पेटल्यासारख्या उजळल्या. खट्. खट्. खट्. तिन्ही फोटो असे आले की जितेंद्र जागच्या जागी नाचला, त्याने झुलालांना मिठी मारली आणि कामिनीला पडद्यावरचा फोटो चार वेळा दाखवला.

"पावना ना नवस?" कुंदाबाईंनी शांतपणे विचारलं. "मंग आते फेड."

जितेंद्रने हसण्याचा प्रयत्न केला. कोणीच हसलं नाही. वीस जण, त्यांच्यात कामिनीही, गंभीर चेहऱ्याने त्याच्याकडे पाहत होते. त्याने घसा खाकरला, चप्पल काढली आणि हळूच झुलालांकडे पाहिलं.

झुलालांनी क्षणभर विचार केला आणि पाठ फिरवली.

"नारळ चालेल साहेब," ते म्हणाले. "कापड नको."