गोदूबाईचे दोन शेर

सरकारी पत्राशी समोरासमोर भांडणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. वरच्या ऑफिसचं टपाल आलं की मी ते वाचून मराठीत सांगायचं आणि मग कागद दोन्ही हातांनी तिच्यापुढे उभा धरायचा. कंबरेवर हात ठेवून गोदूबाई त्या कागदाला विचारायची, "काऊन हो साहेब? हा कोणचा न्याय हाय?" हात दुखून मी कागद जरा खाली केला की माझ्यावर घसरायची. "वर धरा ना, कंपोंडर भाऊ! मी बोलून राह्यली न त्याइच्याशी."

कुरखेड्याच्या पुढे, जंगलात आमचा दवाखाना होता. पन्नास सालानंतरची गोष्ट. सरकारनं आम्हाला डॉक्टर मंजूर केला होता, पाठवला मात्र नव्हता. मी कंपाउंडर, गोदूबाई नर्स. चार खाटा, तीन गाद्या. जन्मलेल्या बाळाच्या घशातला चिकटा ओढायला रबरी नळी मागितली, तर उत्तर आलं, आधी जुनी फुटकी नळी जमा करा. जुनी नळी कधी आलीच नव्हती! मग एक दिवस भलंमोठं खोकं आलं. त्यात सुया-कात्र्या उकळायचं यंत्र, विजेवर चालणारं. वीज आमच्यापासून कितीतरी कोस लांब होती. गोदूबाईनं त्यात तांदूळ भरले आणि सोबतच्या पत्राला सांगितलं, "मुंग्या नाई लागत, साहेब. लय उपकार झाले."

ती चिडकी होती, मान्य. पण चिडायला कारण नव्हतं असा एक दिवस मला आठवत नाही. तिचं स्वतःचं कुणी नव्हतं. खोलीत एक ताट, एक तांब्या. त्याबद्दल कुणी विचारलं तर "तुमाले काय करा लागते?" एवढं ऐकवून ती कामाला लागायची.

धानाची मळणी चालू होती, कडाक्याची थंडी होती. एका सकाळी लांबच्या गोंड पाड्यावरचा सोमा आपल्या बायकोला, जानोला, बैलबंडीतून घेऊन आला. दिवस पुरे भरले नव्हते, आणि मूल पायाळू. डोक्याआधी पाय येत होते. बाळंतिणीच्या खोलीला एकच खिडकी, तीही लहानशी. गोदूबाईनं मला दाढीचा आरसा देऊन अंगणात उभं केलं. "ऊन आत टाका, अन् तोंड तिकडं करा!" तोंड तिकडं करून ऊन इकडं कसं पाडायचं, हे काही तिनं सांगितलं नाही. कवडसा हलला की आतून शिवी यायची.

मग शिव्या थांबल्या. मूल झालं होतं, पण रडण्याचा आवाज येईना. मी मर्यादा सोडून वळून पाहिलं. निळं पडलेलं, मूठभर लेकरू. गोदूबाईनं त्याच्या नाकातोंडाला तोंड लावून चिकटा ओढला, थुंकली, पुन्हा ओढला, मग गालातली हवा हळूहळू आत फुंकली. एका रबरी नळीचं काम ती बाई तोंडानं करत होती. मी कवडसा त्या लेकरावर धरून ठेवला. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज आला.

बाळ तोलायचा काटाही आम्हाला नव्हता. मोहफुलं विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याचा तराजू मागून आणला. पोरगी पावणेदोन शेर भरली. "दोन शेर झाल्याबिगर घरी नाई," गोदूबाईनं सोमाला बजावलं. जानो तापानं फणफणलेली. म्हणून गोदूबाईनं पोरीला लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून स्वतःच्या छातीशी बांधलं. दूध पाजायला तेवढी जानोकडे द्यायची, पुन्हा बांधायची. जखमा धुणं, पाणी तापवणं, सगळं तसंच. पत्राशी भांडणसुद्धा कुजबुजत.

आठवड्याभरात जानोचा ताप गेला. पोरगी मात्र गोदूबाईच्याच छातीशी.

तीन आठवड्यांनी सोमा न्यायला आला. तराजू टांगला. "छटाकभर कमी हाय." चार दिवसांनी तो पुन्हा आला. "छटाकभर कमी हाय." तिसऱ्या वेळी मी पडलेलं वजन उचलायला वाकलो आणि मला पोरीच्या पारड्याखाली गोदूबाईचा डावा तळहात दिसला. पारडं तिनं अलगद उचलून धरलं होतं.

"लिहा ना, कंपोंडर भाऊ," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "छटाकभर कमी."

मी सोमाकडे पाहिलं. त्यानं जन्मभर व्यापाऱ्यांना मोहफुलं विकली होती. पारड्याखाली गेलेला हात ओळखायला त्याला माझी गरज नव्हती. व्यापाऱ्याशी त्यानं कधी भांडण केलं असेल की नाही, मला माहीत नाही. इथे तो खाली बसला, पोरीच्या पायाला बोट लावलं आणि म्हणाला, "राहू द्या, बाई. अजून चार दिस राहू द्या. मले काई घाई नाई."

गोदूबाईचा चेहरा उतरला. तिनं हात काढून घेतला. पारडं खाली गेलं.

"दोन शेर, वर दोन छटाक," ती म्हणाली. "घेऊन जा तुझं लेकरू. थंडी हाय. छातीशी धरून नेजो."

पोरीला गुंडाळायला तिनं छातीवरचं रिकामं फडकं सोडायला घेतलं. गाठ तिला सुटेना. जानोनं पुढे होऊन ती सोडली.