बेमालूम दार

"सहा वाजायला आले, चला आता आत!" बायको तिसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा सुतार नव्या ऑपेरा हाउससमोर मान वर करून उभा होता. दोरीवरची चादर वाऱ्याने फुगावी तसं ते पांढरंशुभ्र छप्पर वळलं होतं. लोक फोटो काढत होते.

"छपराचं काय घेऊन बसलीस! माझं दार बघशील तर थक्क होशील."

छप्पर तोच बघत होता. बायकोने त्याला दंडाला धरून पायऱ्यांकडे वळवलं. दोन वर्षं घरात त्या दाराशिवाय दुसरा विषय नव्हता. सभागृहाची बाहेरची भिंत अख्खी लाकडी आणि गोल. तिला दार असावं पण ते दिसू नये, असा आर्किटेक्टचा हट्ट. ना मूठ, ना कडी, नुसतं ढकलायचं. सुताराने लाकडाची रेघ न् रेघ भिंतीशी जुळवली होती. आज त्याच भिंतीपलीकडे त्याची धाकटी कोरसमध्ये पहिल्यांदा गाणार होती. "बाबा, आमचं गाणं सुरुवातीलाच आहे, उशीर कराल तर बघा," असं तिने बजावूनही ठेवलं होतं.

दोघं आत आले तर दारावरचा माणूस भिंत चाचपडत होता.

"पाणी प्यायला गेलो होतो हो," तो रडवेला होऊन म्हणाला. "तेवढ्यात दार लागलं. आता सापडत नाही."

सुतार हसला. "हे काय, इथे!" म्हणत त्याने ऐटीत ढकललं. भिंत जागची हलली नाही. तो दोन हात सरकला, मग चार. भिंतीला नाक टेकवून त्याने रेघा तपासल्या. पेन्सिलची शेवटची खूण त्याने स्वतःच घासून काढली होती.

उशिरा आलेल्या दोन बायकाही भिंत ठोकू लागल्या. एक गृहस्थ म्हणाले, "कार्यक्रमाचाच भाग दिसतोय," आणि त्यांनीही मनापासून ठोकायला सुरुवात केली. एवढ्यात हात पुसत खुद्द आर्किटेक्ट आला. सगळ्यांच्या जिवात जीव आला. त्याने भिंत न्याहाळली आणि त्याचे डोळे भरून आले.

"काय जमलंय! मलासुद्धा सापडत नाही!"

"साहेब, माझी पोरगी आत आहे!"

आत गाणं सुरू झालं. सुताराने भिंतीला कान लावला. चाळीस गळे, पण आवाज एकच. यात आपली कुठली? तेवढ्यात एक बारीक आवाज सगळ्यांच्या अर्धा क्षण आधी निसटला आणि घाबरून परत आत शिरला.

"आपली!" नवरा-बायको एकदमच म्हणाले.

बायकोला नवी चप्पल चावत होती. पट्टा सैल करायला तिने भिंतीचा आधार घेतला आणि ती थेट सभागृहात पोचली. पाठोपाठ सुतार धावला. टाळ्या कडाडल्या, पण त्या संपलेल्या गाण्यासाठी होत्या.

घरी धाकटी तोंड पाडून बसली. "एका जागी मी आधीच उचललं, बाबा. सर म्हणतात, कोरसमध्ये कुणाचा आवाज वेगळा कळता कामा नये. तुम्हाला कळलं का?"

"कळलं तर! चुकलीस म्हणून तर सापडलीस," सुतार म्हणाला आणि स्वतःच विचारात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंधा घेऊन तो ऑपेरा हाउसवर गेला आणि त्याने दाराच्या कडेचा एक पातळ पापुद्रा काढला. आर्किटेक्टने लांबूनच ओळखलं.

"अहो, दार दिसतंय!" तो कळवळला.

"चुकलं, साहेब," सुतार म्हणाला आणि त्याने रंधा पिशवीत टाकला.